वरून दिसणारं माहेर

"आज काय दिसलं?"

ताट वाढता वाढता मी रोज हेच विचारायची. हे नुकतेच कामावरून आलेले असायचे. हातपाय धुतले तरी वंगणाचा वास अंगाला असायचाच.

"दम धर की. पाणी तर पिऊ दे."

"प्या. पण सांगा."

पाणी पिऊन, मिशीवरून हात फिरवून हे सांगायचे, "तुझ्या आईनं अंगणात गोधड्या वाळत घातल्यात."

"किती?"

"चार. न्हाई, पाच. एक तांबड्या काठाची हाय."

"ती आज्जीच्या लुगड्याची. अजून टिकलीय?"

"टिकलीय म्हणजे! लांबनं झळकत होती."

मग मी माझं ताट वाढून घ्यायची. ते ऐकल्याशिवाय मला घास जात नसे.

माझे यजमान, दामोदर सुतार, डोंगरगाडीवर ब्रेकवाले होते. आताच्या मुलांना रोलर कोस्टर म्हटलं की कळतं. आमच्याकडे तेव्हा तो शब्द कुणाच्या तोंडात बसत नव्हता, सगळे डोंगरगाडीच म्हणायचे. सत्तर सालच्या आसपासची ही गोष्ट. घरच्या सगळ्यांनी मिळून यावं आणि दिवसभर रमावं, अशी एक मोठी बाग कुणा गिरणीमालकांनी तळ्याकाठी उभारली होती. तिथे होड्या होत्या, मोरांचा पिंजरा होता, माणसाला आखूड-लांब करून दाखवणारे आरसे होते. पण माणसं लांबलांबून यायची ती डोंगरगाडीसाठी. मालकांनी विलायतेत समुद्रकाठी तशी गाडी पाहिली होती आणि येताना नकाशे आणले होते. सगळं काम लाकडाचं. सागाचे उंच खांब, त्यांना तिरक्या पट्ट्या, वर चढ-उतारांची वाट. लांबून बघितलं की वाटायचं, कुणीतरी मोठ्या घराच्या छपराचं लाकूडकाम उभं केलंय आणि कौलं घालायची विसरून गेलंय.

एकामागे एक जोडलेल्या तीन गाड्या. साखळी त्यांना खडखडत वर ओढून न्यायची. वर गेल्यावर एक क्षण सगळं शांत व्हायचं आणि मग गाडी सुटायची. तिला आवरायला शेवटच्या गाडीच्या मागे एक माणूस उभा असायचा, हातात छातीएवढा लाकडी दांडा धरून. तो दांडा धरून हे दिवसभर वर जायचे आणि खाली यायचे.

त्या डोंगरगाडीचे सगळ्यात उंच खांब माझ्या माहेरचे होते. बेलोशीला आमच्या बांधावर आणि विहिरीवर साग होता. तो घ्यायला सुतारांची टोळी आली आणि महिनाभर आमच्या गोठ्याशेजारच्या छपरात राहिली. त्यातला एक तरणा सुतार प्यायला पाणी मागायचा आणि तांब्या परत देताना घासून द्यायचा. एवढंच. पण तेवढ्यावर माझं मन गेलं. आमचं गावातलं मानाचं मराठ्यांचं घर, हे सुतार. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, झाडं दिली, पण मुलगी द्यायला नाही म्हणाले. मी तालुक्याला जाऊन लग्न केलं. आबांचा एकच निरोप आला, "ह्या उंबऱ्यावर तिचा पाय दिसता कामा नये."

डोंगरगाडी उभी राहिल्यावर मालकांनी यांना ब्रेकवर ठेवून घेतलं. बागेच्या मागच्या अंगाला कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या, तिथे आमचा संसार सुरू झाला. बेलोशी काही लांब नव्हती. मध्ये फक्त एक टेकडी. एसटी मात्र टेकडीला वळसा घालून जायची. खालून बघितलं तर ती टेकडी डोंगरगाडीच्या टोकापेक्षा ठेंगणीच दिसायची. म्हणून पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं, "वरून बेलोशी दिसते का हो?"

यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाले, "दिसते की."

"आमचं घर?"

"माडी दिसते. अंगण दिसतं."

"एवढ्या लांबचं?"

"सुताराची नजर हाय. सूत धरून बघायची सवय."

तेव्हापासून रोजचं माहेर सुरू झालं. चैत्रात आईनं कुरडया घातल्या. वैशाखात मिरच्या वाळल्या आणि आई पदर नाकाला लावून त्या चाळत होती. आमच्या काळी नावाच्या गाईला वासरू झालं.

"कसं आहे?" मी विचारलं.

"काळंच. कपाळावर पांढरा टिकला हाय."

पावसाळ्यात लाकूड फुगायचं, गाडी बंद असायची. तरी हे बोल्ट आवळायला वर चढायचे आणि आल्यावर सांगायचे, "तुमच्या माडीचं एक कौल सरकलंय. बापूला दिसलं न्हाई वाटतं अजून." बापू माझा थोरला भाऊ. मी दोन दिवस त्या कौलाची काळजी करायची.

आबांबद्दल हे कधी आपणहून सांगायचे नाहीत. मी विचारलं तर म्हणायचे, "रानात असतील." ते मला खरंही वाटायचं, कारण आबा रानातच असायचे.

"मला एकदा न्या की वर," मी म्हणायची.

"ब्रेकवाल्यानं आपलं माणूस गाडीत घ्यायचं न्हाई. हात हलतो."

ही त्यांची मनची गोष्ट नव्हती, सगळेच ब्रेकवाले हे पाळायचे. साखळीवरचा गणपा आधी ब्रेकला होता, त्याची बायकोही कधी बसली नव्हती. आम्ही दोघी डोंगरगाडीच्या सावलीत भांडी घासायचो आणि वरून जाणाऱ्या परक्या बायकांच्या किंकाळ्या ऐकायचो. कधी दुपारी मी माहेरच्या विहिरीवरच्या सागापासून केलेल्या खांबाला हात लावून उभी राहायची. यांनीच तो मला दाखवला होता. वरून गाडी गेली की खांब हाताखाली थरथरायचा.

लग्नानंतरची दुसरी दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बाग लवकर बंद झाली. मी दारात पणत्या लावत होते. हे आले, आणि मी पणती हातात घेऊनच विचारलं.

"माडीवर कंदील लागलाय," हे म्हणाले. "तांबड्या कागदाचा."

"बापूनं लावला?"

हे चपला काढता काढता म्हणाले, "न्हाई. तुझे आबा चढले शिडीवर."

मी पणती खाली ठेवली. "आणि?"

"आणि उतरले. आणि उभे राहिले. इकडं बघत."

"इकडं?"

"इकडंच. लई वेळ."

त्या दिवशी मी जेवले नाही, पण उपाशीही वाटलं नाही. इतके दिवस मनात यायचं की उठावं आणि जावं, दारात उभं राहावं, जे होईल ते होईल. आता वाटलं, घाई कशाला? बाप इकडे बघत उभा राहतो, म्हणजे आज ना उद्या निरोप येणार. संक्रांतीला येईल. त्यानं बोलवावं आणि मग आपण जावं, यात त्याचाही मान राहील.

भाऊबीज झाली. बागेत सुट्टीची गर्दी होती. मी यांचा डबा घेऊन फाटकातून आत शिरले तर मागून हाक आली.

"इंदे? आगं, इंदेच की!"

बेलोशीच्या बायजाकाकू. त्यांची आणि आमची भिंत एक. एका हाताला नातू, दुसऱ्या हाताला नात, दोघं दोन दिशांना ओढत होती.

"बघू तुला. भरलीस गं अंगानं. सुखात हाईस न्हवं?"

"आहे काकू. आई कशी आहे?"

"हाय आपली. दिस काढतीया. आता दिवाळीला मीच डबा भरून दिला बघ. लाडू दिले, चार करंज्या दिल्या. म्हटलं, त्यांच्यात यंदा तळण न्हाई, पण बापूची पोरं ल्हान हाईत, त्यांनी काय करायचं?"

मी हसतच होते. काकूंच्या करंज्या मला लहानपणापासून आवडायच्या, तसं काही बोलायला मी तोंडही उघडलं होतं. मग ते शब्द माझ्यापर्यंत पोचले. दिवाळीत चुलीवर कढई न ठेवणारं घर कोणतं, हे मला कुणी सांगायला नको होतं. घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण नसतो, तळण नसतं. शेजारी डबे नेऊन देतात. असे डबे मीच लहानपणी कितीतरी घरी पोचवले होते.

"काकू, कोण?"

"आं?"

"आमच्याकडे कोण गेलं?"

काकूंनी नातवाचा हात सोडला. "तुला कळवलं न्हाई?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"तुझे आबा गं. गौरी बसल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी. कळ आली, पाणी मागितलं, आन् तांब्या येईस्तोवर..." काकू पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मला रडू आलं नाही. मी विचारलं, "आणि माडीवरचा कंदील?"

"कसला कंदील?"

"दिवाळीचा. तांबडा."

"आगं, असल्या सालात कंदील कोण लावतंय?" काकूंनी माझ्याकडे नीट बघितलं. त्यांना वाटलं असावं, पोरीचं डोकं फिरलं. नातू पाय आपटत होता, "आज्जे, चल की, गाडी सुटंल!"

मी डबा गणपाकडे दिला आणि खोलीवर आले. बातमी उशिरा कळली तरी लेकीला आंघोळ असते. दार लावून नेसत्या लुगड्यानं डोक्यावरून पाणी घेतलं.

संध्याकाळी हे आले, तर माझे केस ओलेच.

"ह्या वेळेला न्हालीस?"

"उकडत होतं."

"कार्तिकात?"

मी ताट वाढलं. पाणी ठेवलं. यांनी पाणी प्यायलं, मिशीवरून हात फिरवला आणि वाट बघितली.

"आज विचारलं न्हाईस."

"सांगा."

"आबा ओट्यावर बसले होते. तंबाखू मळत."

मी भाकरी मोडत होते. तिचे तुकडे करत राहिले. "बरे दिसत होते?"

"बरे म्हणजे! चांगले ताठ बसले होते."

तेव्हाच बोलायचं होतं, पण माझ्याकडून बोलवलं नाही. काकू चुकल्या असतील, असं मला वाटलं नाही. पण एवढ्या खात्रीनं हे सांगत होते की मनात एक वेड शिरलं. यांना दिसतात, तर वर गेल्यावर मलाही दिसतील. गेलेले असले तरी दिसतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खिडकीवर चारचौघींसारखं तिकीट काढलं आणि शेवटच्या गाडीत, अगदी मागच्या बाकावर जाऊन बसले. हे दांडा पुसत होते. वर बघितलं तर मी.

"उतर."

"तिकीट काढलंय."

"इंदू, उतर म्हणतो ना."

पुढच्या बाकावरचं जोडपं वळून बघायला लागलं. तिकीट काढलेल्या बाईला चारचौघांत उतरवणार कसं? गणपानं घंटा दिली आणि साखळीनं गाडी धरली.

खडखड करत आम्ही वर निघालो. पाठीला टेकू होता, त्याच्या पलीकडे यांचा श्वास माझ्या कानापाशी ऐकू येत होता.

"दांडीला धर. खाली बघू नको."

"नाही बघत."

"इंदू, मला कायतरी सांगायचंय."

"वर गेल्यावर सांगा."

गाडी टोकाला आली. साखळीचा आवाज थांबला. एवढी शांतता तिथे असते हे मला माहीत नव्हतं. मी बघितलं. तळं दिसलं, ऊस दिसला, तालुक्याचा रस्ता आणि त्यावर मुंगीएवढी बैलगाडी. आणि टेकडी. खालून ठेंगणी वाटणारी ती टेकडी छाती काढून समोर उभी होती आणि तिच्यावर नुसतं आभाळ होतं. बेलोशी नव्हती. माडी नव्हती. अंगण नव्हतं, गोधड्या नव्हत्या, ओटा नव्हता.

मी मान वळवून मागे बघितलं. हे टेकडीकडे बघत नव्हते. माझ्याकडेही नाही. दोन्ही हात दांड्यावर आणि डोळे पुढच्या रुळावर खिळलेले. टोकावर ब्रेकवाल्याला इकडेतिकडे बघायची सवडच नसते, हे मला तेव्हा कळलं. त्या जागेवरून यांनी कधी काहीच पाहिलं नव्हतं.

आणि गाडी सुटली.

सगळे ओरडले. मीही ओरडले. लेकीनं बापासाठी जसं मोठ्यानं रडायचं असतं तसं रडले. "आबा" म्हणून हाका मारल्या. डोंगरगाडीत बाई ओरडली तर कुणी वळून बघत नाही. पुढचं जोडपंही ओरडत होतं, त्याच्या पुढची मुलंही ओरडत होती, आणि माझा आवाज त्या सगळ्यांत मिसळून गेला.

खाली आल्यावर गाडी फलाटाच्या अलीकडेच थांबली. यांनी ब्रेक आधीच लावला होता. असं कधी झालं नव्हतं. लोक हसले, उतरून ढकलायला लागले. गणपा लांबून ओरडला, "काय दामूशेठ! वैनी बसल्या तर हात हलला व्हय?"

मी खाली उतरून त्या विहिरीवरच्या सागाच्या खांबापाशी जाऊन उभी राहिले. हे मागून आले.

"टेकडी हाय मधी," हे म्हणाले.

"बघितली."

"पहिल्या दिवशी न्हाई दिसत म्हणणार होतो. पण तू अशी तोंडाकडं बघत होतीस... मग एक सांगितलं. मग दुसरं सांगावं लागलं."

"गोधड्या?"

"दसऱ्याच्या आधी सगळ्याच वाळत घालतात."

"काळीचं वासरू?"

"गाय गाभण हाय, असं तूच बोलली होतीस."

"आणि आबा शिडीवर चढले ते?"

हे खाली बघायला लागले. "दिवाळी होती. तुला लुगडंबी घेतलं नव्हतं. म्हटलं, कायतरी द्यावं."

"आबा गौरीतच गेले."

त्यांनी वर बघितलं. खांबाला हात लावून हळूहळू खाली बसले.

"मला ठाऊक नव्हतं. इंदू, देवाशपथ..."

"माहीत आहे. ठाऊक असतं तर तुम्ही त्यांना शिडीवर चढवलं नसतं." माझा आवाज मलाच परका वाटत होता. "खोटं बोललात त्याचा राग नाही मला. तुम्ही मला रोज माहेरी नेऊन आणत होता ना, म्हणून मी गेलेच नाही. दोन वर्षं गेले नाही. गेले असते तर त्यांनी हाकलून दिलं असतं. पण हाकलताना तरी दिसले असते."

फलाटावर पुढची माणसं बसली होती, गणपा घंटा वाजवत होता. हे उठले आणि गेले. मी खांबापाशीच उभी राहून बघत होते. गाडी वर गेली, टोकाला आली, आणि त्या फेरीला पहिल्यांदाच मला यांची मान टेकडीकडे वळलेली दिसली.

सकाळी मी पिशवी भरली.

"मी येऊ?" यांनी विचारलं.

"नको. एकटीच जाते."

एसटी टेकडीला वळसा घालून वीटभट्ट्यांच्या शेजारून गेली आणि बेलोशीच्या पाराशी मला उतरवून निघून गेली. घर तसंच होतं. माडीची कौलं सगळी जागेवर होती. आई ओट्यावर सुपात ज्वारी घेऊन बसली होती. कपाळ मोकळं. तिनं मला बघितलं आणि सूप खाली ठेवलं. मी उंबऱ्याच्या अलीकडे थांबले.

"ये आत," आई म्हणाली.

"आबा म्हणाले होते..."

"म्हणाले होते. मी तिथंच उभी होते. ये आत."

माझा पाय उचलेना. तेव्हा आई उठून आली आणि अडलेल्या वासराला ओढतात तसं मनगट धरून मला तिनं आत ओढलं. मग माझ्या खांद्यावरून, पाठीवरून हात फिरवून बघितला.

"वाळलीस," ती म्हणाली.

आम्ही दोघी पोटभर रडलो. बापू रानातून आला, मला बघून दारात थबकला. पाय धुतले, तोंड पुसलं. मग माझ्याकडे न बघताच धाकट्या पोरीला म्हणाला, "आत्याला च्या दिला का न्हाई कुणी?"

मला कळवलं का नाही, हे मी विचारलं नाही. आईनंच सांगितलं. बापू म्हणाला होता की आबांना ते चाललं नसतं, आणि तिला त्या दिवसांत काही सुचत नव्हतं. मी गोठ्यात जाऊन काळीला बघून आले. शेजारी कालवड बांधलेली होती, डोक्यापासून शेपटीपर्यंत काळीभोर. कपाळावर टिकला नव्हता. तिचं कपाळ खाजवताना मला यांची फार आठवण आली.

दिवेलागणीला आई म्हणाली, "चल वर. वेळ झाली."

"कसली?"

"चल तर."

माडीच्या खिडकीशी तिनं मला उभं केलं. समोर टेकडी काळी पडत चालली होती. तिच्या पायथ्याशी, रस्त्याच्या बाजूला, एकेक करून तांबूस ठिपके उजळायला लागले.

"लागले बघ," आई म्हणाली. "तुमच्या बागेतले दिवे."

त्या वीटभट्ट्या होत्या. सकाळी एसटी त्यांच्याच शेजारून आली होती, धूर माझ्या डोळ्यांत गेला होता. बाग टेकडीच्या पार पलीकडे होती आणि तिथला एक दिवाही इथून दिसणं शक्य नव्हतं.

"रोज बघते मी," आई सांगत होती. "पण सुरुवात माझी न्हाई. तुझ्या आबांची. तू गेलीस, त्या साली डोंगरगाडी चालू झाली आन् तवापासनं दिवेलागण झाली की ओट्यावरनं उठायचे, हितं येऊन उभे राहायचे. तंबाखू मळत. एकदा मी विचारलं, एवढं काय बघताय? तर म्हणाले, आपला साग कुठं गेला ते बघतोय." आई जराशी हसली. "दोन सालं रोज सागच बघत होते बघ. लई लई वेळ."

मी खिडकीचा गज धरला.

"तुझं नाव कधी काढलं न्हाई तोंडातनं. पण वर यायचे चुकले न्हाईत. गौरी आणल्या त्या दिवशीबी आले होते." मग तिनं हळूच विचारलं, "इंदे, ते तुमचंच हाय न्हवं? बापू म्हणतो, बाग तिकडं न्हाईच, हे कायतरी दुसरंच हाय."

मी त्या ठिपक्यांकडे बघितलं. खरं सांगायला एक शब्द पुरला असता. आदल्या दिवशी त्याच एका शब्दासाठी मी यांच्याशी भांडले होते.

"आमचंच आहे," मी म्हणाले. "ते सगळ्यात वरचं दिसतंय ना, तिथे हे असतात."

"आन् तू?"

"मी त्याच्या खाली. खोलीत. ह्या वेळेला ताट वाढत असते."

आईनं मान हलवली. "मला वाटलंच," ती म्हणाली.

पुढे मी माहेरी पुष्कळदा गेले, हेही आले. आई दर वेळी यांना वरच्या दिव्याबद्दल विचारायची आणि हे तिला सगळं सांगायचे. आता आई नाही. डोंगरगाडी तर केव्हाच मोडली, लाकूड लिलावात गेलं, आमचा विहिरीवरचा साग कुणाच्या दारा-खिडक्यांना लागला कोण जाणे. यांना जाऊनही बरीच वर्षं झाली. मी मुलाकडे असते. ताटावर बसलं की अजून वाटतं, कुणीतरी विचारावं, नाहीतर आपण तरी कुणाला विचारावं. आणि मग त्या पहिल्या खेपेला मी बेलोशीहून परतले ती संध्याकाळ आठवते.

हे माझ्या आधीच येऊन बसले होते. हातपाय धुतलेले, पाट मांडलेला. मी ताट वाढलं. यांनी ताटाला हात लावला नाही. आणि पहिल्यांदाच त्यांनी मला विचारलं, "काय दिसलं?"

"दम धरा की," मी म्हणाले. "पाणी तर पिऊ द्या."

त्यांनी तांब्या पुढे केला. मी पाणी प्यायले.

"आबा माडीवर उभे होते," मी म्हणाले. "तंबाखू मळत. इकडं बघत."

यांनी माझ्याकडे बघितलं. मी चेष्टा करत नाही, हे त्यांना दिसलं असावं.

"आणि?" त्यांनी विचारलं.

"आणि उभेच राहिले. लई वेळ."